नुसत्या कागदावर थेंब टाकलात का?

आदरणीय बाई,

त्या संध्याकाळी मी तुमच्या दारात उभी राहिले तेव्हा हातात वहीचं एक पान होतं आणि पानावर पाच निळे-काळे डाग. सिंकखालचा पाइप गळला होता. कप्प्यातल्या बरण्यांवरच्या चिठ्ठ्या भिजून शाई वाहून गेली आणि मागे उरल्या पाच बरण्या, पाचांतही पांढरी भुकटी. लेकीने शाळेत शिकलेला आयोडीनचा प्रयोग केला: स्टार्च असला की थेंब निळा-काळा होतो, आणि कॉर्नफ्लोअर म्हणजे स्टार्चच. वहीच्या पानावर चिमूट चिमूट ठेवून वर एकेक थेंब. पाचही निळ्या! म्हणजे पाचही बरण्यांत कॉर्नफ्लोअर? त्यातल्या एकीत तरी बेकिंग सोडा होता, हे मला पक्कं आठवत होतं.

तुम्ही पान उजेडात धरलंत आणि एवढंच विचारलंत, "नुसत्या कागदावर थेंब टाकलात का?"

नव्हता टाकला. तुमच्या टेबलावरच टाकला, तर तोही निळा. कागदाला बळकटी यावी आणि शाई पसरू नये म्हणून बनवतानाच त्यात स्टार्च घालतात, हे तुम्ही नंतर सांगितलंत. आधी पंधरा मिनिटं मला त्या सहाव्या डागाकडे बघत बसवलंत. तेव्हा मनातून चिडले होते, आता कबूल करते.

मग तुम्ही कागद बाजूला सारून चिनी मातीची पांढरी बशी काढलीत. पाच भुकट्या आणि सहावी जागा मोकळी, तिथे फक्त आयोडीन. आता पहिली गडद निळी-काळी झाली, तिसरी जरा कमी. बाकीच्या तीन आणि ती मोकळी जागा, सगळं तपकिरीच्या तपकिरी. स्टार्चच्या साखळीला स्प्रिंगसारखे वेढे असतात, त्यात आयोडीन शिरलं की हा रंग येतो आणि ही ओळख 1814 पासून ठाऊक आहे, असं तुम्ही बशी पुसता पुसता सांगितलंत. लेक तेव्हापासून तुम्हाला "बशीवाल्या आजी" म्हणते.

पुढची पायरी व्हिनेगरची, पण त्याआधी तुम्ही माझी जी उलटतपासणी घेतलीत! या कप्प्यात आजवर काय काय ठेवलं होतं? ब्लीच? नळी मोकळी करायची पावडर? ब्लीचवर आम्ल पडलं तर क्लोरीन वायू सुटतो आणि कॉस्टिक सोडा कातडी जाळतो, म्हणून हे दोन्ही तिथे कधीच नव्हते याची खात्री होईपर्यंत तुम्ही एकही बरणी पुन्हा उघडू दिली नाहीत. मी मूर्खासारखं "जिभेला लावून बघू का?" म्हटलं, तेव्हा तुमचा आवाज पहिल्यांदाच चढला. रसायनशास्त्रज्ञ फाल्बर्गने 1879 मध्ये हात न धुता जेवायला बसून सॅकरीन शोधलं खरं, पण त्याच्या हाताला जे लागलं होतं ते नशिबाने गोड निघालं, इति तुम्ही.

वहीत तुम्ही तीन रकाने आखून दिलेत: काय केलं, काय दिसेल असं वाटतं, काय दिसलं. दुसरा रकाना थेंब टाकण्याआधी आणि पेनानेच भरायचा, पेन्सिल चालणार नाही. मी लिहिलं, "एकच फसफसेल." फसफसल्या तीन: दुसरी, तिसरी आणि पाचवी. त्या खोट्या ठरलेल्या ओळीवर रेघ मारायलाही तुम्ही परवानगी दिली नाहीत. उलट तिसऱ्या रकान्यात मी घाईने "बेकिंग सोडा" लिहिलं होतं, ते मात्र खोडलंत. "हे तुम्हाला दिसलं नाही, वाटलं. दिसले ते बुडबुडे."

तिसरीचा उलगडा साध्या कोमट पाण्याने केला, व्हिनेगरशिवायच बुडबुडे आले. बेकिंग पावडरमध्ये सोडा, कोरडं आम्ल आणि ओल टिपायला स्टार्च असतो, त्यामुळे आयोडीनचा रंगही जुळला. दुसरी आणि पाचवी मात्र छळणार होत्या. त्यासाठी जांभळ्या कोबीचा रस. वनस्पतींच्या रसाचा रंग आम्लाने एक आणि अल्कलीने दुसरा होतो, हे रॉबर्ट बॉइलने 1664 मध्येच लिहून ठेवलं होतं, पण "हिरवा" आणि "निळसर हिरवा" यावरून मायलेकींची जुंपेल हे त्याला कुठून कळणार? पहिल्या खेपेला तर मी एकीचा चमचाभर आणि दुसरीची चिमूट घेतली होती. तुम्ही दोन्ही पेले ओतायला लावलेत. पुन्हा सपाट पाव चमचा, तेवढंच पाणी, तेवढाच रस. शेजारी नव्या, सीलबंद पाकिटातला बेकिंग सोडा आणि एका पेल्यात नुसता रस. दुसरीचा रंग पाकिटातल्या सोड्याशी तंतोतंत जुळला, निळसर हिरवा. पाचवी पिवळ्याकडे झुकलेली हिरवी, म्हणजे बरीच तीव्र अल्कली. बेकिंग सोड्याच्या पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कली मोजायचा आकडा) 8.3 च्या आसपास असतो, धुण्याच्या सोड्याचा 11 च्या पुढे जातो. तरी धुण्याच्या सोड्याचं नवं पाकीट आणून आणखी एक पेला भरेपर्यंत तुम्ही मला पाचवीवर नाव लिहू दिलं नाहीत.

उरली चौथी. विरघळत नाही, फसफसत नाही, निळी होत नाही, कोबीचा रंगही बदलत नाही. प्लास्टर ऑफ पॅरिस असेल म्हणून पाणी घालून रात्रभर ठेवली, सकाळी चिखल तसाच. मी आनंदाने "प्लास्टर नाही" लिहिणार, इतक्यात तुम्ही आठवण करून दिलीत की त्या कप्प्यात पाणी शिरलं होतं. प्लास्टरने आधीच ओल खाल्ली असेल तर ते आता घट्ट होणारच नाही. लेकीने चिठ्ठी लिहिली: "४. माहीत नाही. कदाचित जुनं प्लास्टर." ती बरणी स्वयंपाकघराबाहेर गेली आणि चिठ्ठीवर या खेपेला चिकटपट्टी आहे.

बशी आणि ड्रॉपरची बाटली रविवारी वर आणून देते. बाटली निम्मी रिकामी आहे, त्याबद्दल माफी असावी. लेक घरातला दिसेल तो कागद तपासत सुटली आहे आणि त्यातला एक काही केल्या निळा होत नाही. का, ते तिला बशीवाल्या आजींना विचारायचं आहे. दुसरा रकाना भरल्याशिवाय वर जायचं नाही, एवढं मी तिला बजावून ठेवलंय.

तुमची,
खालच्या मजल्यावरची