निर्वासितांबरोबर त्यांना ठेवून घेणाऱ्या गावांनाही मदत हवी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

सुदानमध्ये १५ एप्रिल २०२३ पासून लष्कर आणि ‘रॅपिड सपोर्ट फोर्सेस’ ही निमलष्करी फौज यांच्यात युद्ध चालू आहे. आपल्याकडे त्याची बातमी आतल्या पानावर चार ओळींत येते. सुदानच्या पश्चिमेकडच्या दारफूर भागातून जीव वाचवून निघालेली माणसे शेजारच्या चाड देशात शिरली. त्यांची संख्या आठ लाखांच्या वर आहे आणि त्यांत बहुतेक बायका आणि मुलेच आहेत. दारफूरमधल्याच २००३ च्या संघर्षात आलेले सुमारे चार लाख निर्वासित तर पूर्व चाडमधल्या छावण्यांत वीस वर्षांपासून होतेच. चाड स्वतः जगातल्या अतिगरीब देशांपैकी एक. मला निर्वासितांइतकेच त्या चाडच्या गावकऱ्यांविषयी लिहायचे आहे, कारण मदतीचा हिशोब मांडताना ते नेहमी सुटतात.

सीमेवरच्या आद्रे गावाचेच पाहा. मूळ वस्ती जेमतेम चाळीस हजारांची, आणि तिच्या कडेला त्याहून कितीतरी मोठी निर्वासितांची वस्ती उभी राहिली. विहिरी त्याच, जळणाचे रानही तेच. बाजारात ज्वारी-बाजरीचा भाव चढतो आणि शेतमजुरीचा दर पडतो, कारण कमी पैशांत राबायला हजारो हात तयार असतात. माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी हा मदतसंस्थांचा मान्य निकष आहे, पण तिथल्या अनेक छावण्यांत तेवढेही मिळत नाही. तरीही मदतीचे ट्रक येण्याआधी आलेल्यांना पाणी पाजले आणि घरातले धान्य काढून दिले ते याच लोकांनी.

कोल्हापूरकरांना हे समजायला अवघड नाही. २०१९ च्या महापुरात शिरोळ, करवीरमधली किती कुटुंबे गुराढोरांसह पै-पाहुण्यांच्या दारात गेली होती! पंचनामा झाला तो पाणी शिरलेल्या घराचा, आणि तो तसाच व्हायला हवा होता. पण ज्या घराने वीस-वीस माणसे जेवू घातली आणि आपल्या जनावरांची वैरण दुसऱ्याच्या जनावरांपुढे टाकली, त्या घराचे नाव कुठल्या यादीत होते? आपल्याकडे हे काही आठवड्यांत निभावले. आद्रेच्या लोकांना ते वर्षानुवर्षे निभवायचे आहे.

यावर उपाय नाहीत असे नाही. युगांडात निर्वासितांसाठी आलेल्या मदतीतला साधारण ३० टक्के वाटा आसपासच्या स्थानिकांसाठी वापरावा, असे धोरणच आहे. दवाखाना बांधला तर दोघांसाठी, शाळाही दोघांसाठी. बांगलादेशात २०१७ मध्ये म्यानमारमधून सात लाखांवर रोहिंग्या निर्वासित आले तेव्हा उखिया आणि टेकनाफचे डोंगर सरपणासाठी उघडे पडले. पुढच्या वर्षी छावणीत गॅस सिलिंडर वाटायला सुरुवात झाली, आणि ते स्थानिक कुटुंबांनाही देण्यात आले. तोड कमी झाली, आणि जळणावरून होणाऱ्या भांडणाचे कारणही कमी झाले. मला हा मार्ग निव्वळ दयेपेक्षा शहाणपणाचा वाटतो. गावाचे पोट रिकामे ठेवून गावाच्या हद्दीत दुसऱ्याला जेवू घालत राहिले, तर आज पाणी देणारा माणूसच उद्या काठी घेऊन उभा राहील.

पण यासाठी पैसा लागतो, आणि तोच आटला आहे. २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशांना मदत देणारी आपली ‘यूएसएड’ ही संस्था बंद केली. छावण्यांना शिधा पुरवणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाचा सर्वांत मोठा देणगीदार अमेरिकाच होती. युरोपातल्या काही देशांनीही हात आखडता घेतला. शिधा कापला की छावणीतली माणसे गावात मजुरी शोधायला जातात आणि सगळा भार पुन्हा त्याच गावावर येतो.

कोल्हापूरजवळच्या आपल्या वळिवड्याची गोष्ट इथे नीट सांगायला हवी. १९४३ ते १९४८ या काळात तिथल्या छावणीत दुसऱ्या महायुद्धामुळे परागंदा झालेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. महावीर उद्यानात त्याचे स्मारक आहे. पंतप्रधानांनी ऑगस्ट २०२४ मध्ये वॉर्सातल्या कोल्हापूर स्मारकालाही भेट दिली. त्याचा अभिमान मलाही आहे. मात्र त्या छावणीत शाळा, दवाखाना, चर्च असे सगळे नीट चालले, कारण लंडनमधल्या परागंदा पोलिश सरकारने तिचा खर्च उचलला होता. कोल्हापूरने जागा आणि आपुलकी दिली, पण खर्चाचा डोंगर कोल्हापूरच्या डोक्यावर आला नाही. आद्रेची माणसे आपुलकी दाखवून चुकली आहेत. त्यांच्यामागे खर्च उचलणारे कोणी नाही.

आपले सरकार काय करू शकते? २०२२ मध्ये भारताने अफगाणिस्तानला गहू पाठवला आणि त्याचे वाटप जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत झाले. सरकारी गोदामांत धान्य आहे, वाट माहितीची आहे. चाडसाठी तसे करताना धान्याचा आणि निधीचा ठरावीक हिस्सा यजमान गावांसाठी राखून ठेवावा, अशी अट भारताने स्वतःहून घालावी. आपल्या जिल्ह्याच्या खासदारांनी हा विषय संसदेत मांडावा, अशी माझी त्यांना जाहीर विनंती आहे. वाचकांनाही एक सांगणे: द्यायचेच असेल तर नोंदणीकृत संस्थेला पैसे द्या. जुने कपडे इतक्या लांब पाठवण्यात जो खर्च होतो, त्यात तिथल्याच बाजारातून बरेच धान्य घेता येते.

पूर्व चाडमध्ये जूनच्या सुमारास पाऊस सुरू होतो. कोरडे ओढे भरून वाहू लागतात आणि रस्ते तुटतात, म्हणून धान्य त्याआधीच छावण्यांजवळ साठवावे लागते. जहाज, बंदर आणि पुढचा खुष्कीचा लांब पल्ला धरला तर निर्णय हिवाळ्यातच व्हायला हवा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
राजारामपुरी, कोल्हापूर