ऑटो-पेची मर्यादा दुकानातच समजावा

सांगलीत सणासुदीला क्रेडिट कार्डावर फ्रिज, मोबाइल हप्त्याने सर्रास घेतले जातात. ऑटो-पे, म्हणजे कार्डाचे बिल खात्यातून आपोआप भरण्याची सोय, लावताना ‘किमान देय’ (बिलातली कमीत कमी भरायची रक्कम) की ‘पूर्ण देय’ हे निवडायचे असते, पण काउंटरवरचा मुलगा बहुधा किमानवर खूण करून मोकळा होतो. त्यात हप्ता जातो खरा, बाकीच्या खरेदीवर मात्र व्याज चढत राहते. हे फार वाईट आहे. दुसरे म्हणजे, डिसेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने कार्डबिलासाठी ओटीपीविना कपातीची मर्यादा १५ हजारांवरून १ लाख केली. तरी ऑटो-पेला मंजुरी देताना आपणच कमाल रक्कम ५ हजार घातली असेल, तर ७ हजारांचे बिल आपोआप भरले जात नाही. कपातीच्या २४ तास आधी येणारा संदेश बँकांनी मराठीत पाठवावा.

— एक वाचक, विश्रामबाग, सांगली