डॉक्टर मॅडम, तुम्ही विचारलंत!

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र लेकाला विचारूनच लिहितोय. "नाव तेवढं टाकू नका," म्हणाला.

अकरावीला लातूरला 'नीट'च्या, म्हणजे मेडिकल प्रवेश परीक्षेच्या, क्लासला घातल्यापासून त्याचं डोकं दुखायचं, पोटात कळ यायची. तिथल्या एका मोठ्या दवाखान्यात रक्त-लघवी तपासून ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या. क्लासवाले म्हणाले, मार्क वाढले की आपोआप बरं वाटेल. फीचा हप्ता राहिला की यांचा फोन लगेच येतो. पोरगं धड जेवत नाही, हे कळवायला मात्र कुणाला सवड नव्हती.

दिवाळीला तुमच्याकडे आणलं तेही डोकेदुखीसाठीच. लहानपणापासूनच्या त्याच्या लशी तुमच्याच हातच्या. बाहेर पेशंटची ही गर्दी. तुम्ही वजन केलंत, जुनी फाइल चाळलीत आणि त्याला म्हणालात, "बाबा जरा बाहेर बसले तर चालेल का रे तुला?" मला नाही, त्याला विचारलंत! वर्षभरात "किती पडले?" सोडून त्याला कुणी काही विचारलं नसेल.

आत तुम्ही सरळच विचारलंत, जीव द्यावासा वाटतो का? आमच्याकडे हे बोलणंच अभद्र. विचारलं की पोराच्या डोक्यात भरतं म्हणतात. तसं काही होत नाही, उलट पोरं मोकळी होतात, हे तुम्ही मला नंतर समजावलंत. मला आत बोलवायच्या आधी त्याच्याशीच ठरवलंत, बाबांना कोण सांगणार? तो म्हणाला, तुम्ही सांगा, पण माझ्यासमोर. मॅडम, एवढा मान मोठ्या माणसांनाही कुणी देत नाही हो.

मला तुमचा पहिला प्रश्न, "फवारणीची औषधं कुठे ठेवता?" त्याच संध्याकाळी ती घरातून हलवली, आता भावाकडे कुलपात असतात. टेलिमानस या सरकारी मानसिक आधाराच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबरही फाइलवर लिहून दिलात, रात्री-अपरात्री फुकट लागतो म्हणून. पुढे मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलंत, ते उपचार चालू आहेत.

२०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी जीव दिला, अशी सरकारी नोंद आहे. त्यातले १,७६४ आपल्या महाराष्ट्रातले, सगळ्या राज्यांत जास्त. यातली किती पोरं आधी डोकं दुखतं, पोट दुखतं म्हणून कुठल्या तरी दवाखान्याच्या बाकावर बसून गेली असतील? मानसोपचाराची पाटी बघून आमच्यासारखे पायरी चढत नाहीत. पोरांच्या डॉक्टरकडे मात्र बिनदिक्कत येतात. मग विचारायचं ते तिथेच विचारायला नको?

पुढच्या वेळी दाखवायला तो एकटाच येणार म्हणतोय. त्याच्यासोबत हुरडा पाठवतो. नको म्हणू नका.

आपला,
एक बाप