ओढून नेलेला फोन ‘हरवला’ कसा?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

खून-दरोड्यांना आपल्या दैनिकात पहिलं पान मिळतं, ते योग्यच आहे. हे पत्र आतल्या पानावरही न पोचणाऱ्या चोऱ्यांबद्दल आहे. स्कूटरच्या डिकीतून गेलेला मोबाइल, एसीच्या बाहेरच्या युनिटची रात्रीत कापून नेलेली तांब्याची नळी, जिन्याखालची सायकल, ई-रिक्षाची बॅटरी, पाण्याची मोटर. इंदुरातल्या कुठल्याही मल्टीत, म्हणजे बहुमजली इमारतीत, चौकशी करा, निदान एका घरातून तरी यातलं काही गेलेलं असतं. पोलीस ठाण्यातल्या गुन्ह्यांच्या रजिस्टरात मात्र त्यातलं फारच थोडं उतरतं. चोर सापडत नाहीत याचं लोकांना आता वाईट वाटेनासं झालंय, तेवढी अपेक्षाच उरलेली नाही. पण चोरी झाली हे तरी सरकारने लिहून घ्यावं की नाही?

माझ्या धाकट्या बहिणीचंच घ्या. संध्याकाळी भाजी घेऊन पायी येत होती, फोनवर बोलत. मागून मोटरसायकलवर दोघं आले, मागे बसलेल्याने कानाजवळून फोन ओढला आणि ती ओरडेपर्यंत गाडी वळून गेलीसुद्धा. ती आणि मेहुणे लगेच ठाण्यात गेले. कोणत्या, ते लिहीत नाही. दुसऱ्या ठाण्यांतल्या हकिगती ऐकल्यावर नाव लिहून काही साधेल असं वाटत नाही. मुंशीजींनी, म्हणजे ठाण्याचं दप्तर लिहिणाऱ्या हवालदाराने, सगळं शांतपणे ऐकून घेतलं, पाणी विचारलं, आणि मग म्हणाले, “आंटीजी, सिम तो आज ही चालू कराना है ना? तो गुम होने का लिखवा दो, रसीद अभी मिल जाएगी. छीनने का लिखवाओगे तो साहब आएँगे, मौका देखेंगे, टाइम लगेगा.” बँकेचे ओटीपी, गॅसचं बुकिंग, नातवाच्या शाळेचे निरोप, तिचं सगळं त्याच एका नंबरावर. तिने सही केली.

मुंशीजी उद्धट नव्हते. पैसे मागितले नाहीत, हाकलून दिलं नाही. म्हणूनच ही गोष्ट मला जास्त लागली. दोन्ही बाजूंची सोय झाली. हिला सिम मिळालं, ठाण्याच्या खात्यावरचा एक गुन्हा वाचला, आणि त्या संध्याकाळी त्या रस्त्यावर काहीच घडलं नाही असं दप्तर सांगू लागलं.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ३०४ मध्ये हिसकावून नेणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा आणि दखलपात्र. वस्तूची किंमत किती हा प्रश्नच तिथे येत नाही. जुन्या दंड संहितेत देशभरासाठी असं वेगळं कलम नव्हतं, ते आता मुद्दाम आणलं गेलं. तीच घटना ‘साधी चोरी’ म्हणून लिहिली की कलम ३०३ लागतं, आणि माल पाच हजार रुपयांच्या आतला असेल तर नव्या व्यवस्थेत गुन्हा अदखलपात्र होतो. म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तपासच करू शकत नाहीत. वापरलेल्या जुन्या मोबाइलची किंमत पाच हजारांच्या आत दाखवायला कितीसा वेळ लागतो! आणि ‘हरवला’ लिहिलं की गुन्हाच उरत नाही. घटना एकच, पण ठाण्याच्या टेबलावर ती तीन पायऱ्या खाली उतरते, आणि उतरवताना सही आपली घेतली जाते.

खरं तर या सहीची गरजच पडायला नको. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ललिता कुमारी प्रकरणात २०१३ मध्येच सांगितलं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे तपास आणि खटल्याची पद्धत ठरवणाऱ्या नव्या कायद्याचं, कलम १७३ त्याच्या पुढे गेलं आहे. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात माहिती देता येते. ती इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेही देता येते, फक्त तीन दिवसांत सही करावी लागते. एफआयआरची प्रत मोफत मिळायला हवी. तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत वरिष्ठांच्या परवानगीने चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी करण्याची सवलत पोलिसांना आहे, हे मान्य. पण चौकशी करायची तर ती कागदावर सुरू व्हायला हवी ना? आमच्याकडे जे होतं त्याचं नाव ‘आवेदन’. साध्या कागदावर अर्ज लिहा आणि ठेवून जा, “दिखवा लेते हैं भिया.” प्रतीवर शिक्का मागितला तर समोरचा माणूस असा बघतो की जणू आपण त्याचं घड्याळ मागितलं. अर्ज गेला कुठे, रोजनामच्यात चढला की ड्रॉवरमध्ये राहिला, कोणाला विचारायचं?

मी बँकेत नोकरी केली. खातेदाराने शंभर रुपये भरले तरी शिक्का मारलेली काउंटरफॉइल त्याच्या हातात जायची, आणि ती न देणाऱ्या कॅशियरची तक्रार थेट मॅनेजरकडे. ठाण्यातल्या आवेदनाला तेवढीही किंमत नाही.

मग फुटेजचं प्रकरण. एफआयआर झाली तरी बहुतेक वेळा पहिला सल्ला असतो, “आसपास के कैमरे दिखवा लो, कुछ मिले तो बता देना.” म्हणजे ज्याचं गेलं त्यानेच दुकानादुकानांत जाऊन हात जोडायचे. किराणेवाला म्हणतो पासवर्ड मुलाकडे आहे, क्लिनिकवाला म्हणतो पोलिसाला घेऊन या, आणि त्यांचं चुकतं असंही नाही, अनोळखी माणसाला कोणी का फुटेज द्यावं? यात दिवस जातात, आणि डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्रण साठवणारी पेटी, जुनं पुसून नवं भरत राहतो. एक आरक्षक, म्हणजे शिपाई, तासभर फिरला असता तर ते काम त्याच संध्याकाळी झालं असतं. शहरभर कॅमेरे लावा म्हणून आवाहनं होतात, लोकांनी पदरचे पैसे घालून लावलेही. त्यांतलं बघायचं कोणी, हे कोणी ठरवलंच नाही.

पोलिसांची बाजू मला कळत नाही असं नाही. रंगपंचमीची गेर, अनंत चतुर्दशीच्या झांक्या, मंत्र्यांचे दौरे, क्रिकेटचे सामने, सगळ्या बंदोबस्ताला तीच माणसं. ठाण्यातला प्रधान आरक्षक एका हाताने कोर्टाचे समन्स सांभाळतो आणि दुसऱ्याने नवरा-बायकोचं भांडण सोडवतो. डिसेंबर २०२१ मध्ये इंदूर आणि भोपाळला पोलीस आयुक्तालय आलं, वरच्या खुर्च्या वाढल्या. खाली ठाण्यात अर्ज घेणाऱ्या टेबलाशी मात्र सामान्य माणसाला फरक जाणवला नाही. खरी गाठ मला दुसरीकडे दिसते. ठाण्याची कामगिरी गुन्हे वाढले की घटले यावर मोजली जाते. ज्या टीआयने, म्हणजे ठाणेदाराने, प्रामाणिकपणे प्रत्येक चोरी लिहून घेतली, त्याच्या ठाण्यात चोऱ्या ‘वाढल्या’ असं आढावा बैठकीत दिसणार आणि बोलणी त्यालाच बसणार. शेजारच्या ठाण्यात सगळं ‘गुम’ लिहिलं जातं, तो टीआय शाबासकी घेणार. मग कोण कशाला लिहील? आणि गस्त कुठे लावायची हेही याच आकड्यांवरून ठरत असेल, तर जिथून रोज फोन ओढले जातात तो रस्ता नकाशावर शांतच दिसत राहणार.

अधूनमधून आपल्याकडे एक फोटो छापून येतो. टेबलावर मोबाइल ओळीने मांडलेले, मागे अधिकारी, पुढे हसणारे मालक: ‘गुम झालेले फोन परत.’ ज्यांना मिळाले त्यांचं अभिनंदन, आणि आयएमईआय या फोनच्या ओळख नंबरावरून ते शोधून काढणाऱ्या पोलिसांचंही. मेहनतीचं काम आहे. पण हे फोन कोणाच्या तरी हातात सापडले ना? त्या हातापर्यंत ते आले कसे, विकले कोणी, हा प्रश्न त्या फोटोत येत नाही. येणार कसा, गुन्हाच नोंदलेला नसेल तर आरोपी कुठून आणणार?

याच शहरात कचऱ्याची गाडी आली नाही तर लोक महापालिकेच्या ‘इंदूर ३११’ ॲपवर तक्रार टाकतात. तक्रारीला नंबर मिळतो, ती कुठवर आली ते दिसतं. तिथेही सगळं आलबेल आहे असं कोणी म्हणणार नाही. न सुटता बंद झालेल्या तक्रारींबद्दल नळावर चर्चा चालूच असते. पण नंबर हातात असतो, त्यामुळे भांडता तरी येतं. २०१७ पासून वर्षानुवर्षे स्वच्छतेत देशात पहिलं आलेल्या गावाला चोरीच्या अर्जाला नंबर देणं अवघड असेल, हे मला पटत नाही.

वाचकांसाठी काही कामाच्या गोष्टी. ओढून नेलेल्याला ‘हरवला’ लिहू नका, सिमला एक दिवस उशीर झाला तरी चालेल. खात्यातून पैसे गेले असतील तर ठाण्यात जाण्याआधी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा, तिथे मिनिटांनी फरक पडतो. आरोपी माहीत नसलेल्या साध्या चोऱ्यांसाठी मध्य प्रदेश पोलिसांनी २०२१ पासून ऑनलाइन ई-एफआयआरची सोय केली आहे, ती वापरा. ठाण्यात हे कोणी आपणहून सांगत नाही. ठाण्याने नकार दिला तर कलम १७३ खालीच पोलीस अधीक्षकांना, इथे उपायुक्तांना, लेखी माहिती टपालाने पाठवता येते, आणि तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्याकडे जाता येतं. एफआयआर झालेली असेल तर नव्वद दिवसांच्या आत तपास कुठवर आला हे पोलिसांनी फिर्यादीला कळवायचं आहे. तो निरोप आला नाही तर विचारा. नाहीतर एक दिवस कळतं की प्रकरणात खात्मा लागून गेला, म्हणजे ते बंद झालं. विम्याचा दावा असेल तर तो कागदही लागतो, आणि तेव्हा पळापळ सुरू होते.

संपादक महाराज, एक विनंती थेट आपल्याला. संवेदनशील प्रकरणं वगळता एफआयआर चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकाव्यात असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा आदेश आहे, त्यामुळे कोणत्या ठाण्यात किती एफआयआर झाल्या ते कोणीही मोजू शकतं. दिसत नाहीत त्या आवेदनांच्या आणि ‘गुम’ पावत्यांच्या संख्या. पुढच्या आढावा बैठकीनंतर ‘गुन्हे इतके टक्के घटले’ असं पत्रक येईल, तेव्हा आपल्या वार्ताहराला एवढंच विचारायला सांगा: त्याच काळात चोरीची आवेदनं किती आली, त्यांतल्या कितींची एफआयआर झाली, आणि मोबाइल ‘हरवल्याच्या’ नोंदी किती झाल्या. तिन्ही आकडे ठाणेवार, शेजारी शेजारी छापा. मीही माहिती अधिकारात दहा रुपये भरून हेच तीन प्रश्न विचारतो आहे. उत्तर आलं तर आपल्याकडे पाठवीन.

बहिणीला त्याच ठाण्यात पुन्हा जायचं आहे, यावेळी ‘ओढून नेला’ असं लिहून द्यायला. म्हणून नाव छापू नये.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक, इंदूर