एअर गनच्या खोक्यावर ज्यूलचा आकडाही हवा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुलांसाठी एअर गन किंवा एअरसॉफ्टची, म्हणजे प्लास्टिकच्या गोळ्या मारणारी, बंदूक घ्यायला गेलेल्या पालकाला इंदूरच्या दुकानांत बहुधा एकच आकडा सांगितला जातो, तो म्हणजे छऱ्याचा वेग, फूट प्रति सेकंदात. छऱ्याचे वजन सांगितल्याशिवाय या आकड्यावरून बंदुकीच्या माऱ्याचा अंदाज येत नाही, आणि खरेदी मात्र त्याच्याच भरवशावर होते, याची मला काळजी वाटते.

इजा किती होईल हे मुख्यतः ऊर्जेवर ठरते, आणि ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. एअरसॉफ्टची ०.२० ग्रॅमची प्लास्टिक गोळी सेकंदाला १०० मीटर, म्हणजे ३२८ फूट वेगाने सुटली, तर तिची ऊर्जा बरोबर १ ज्यूल भरते. तेवढ्याच ऊर्जेने ०.१२ ग्रॅमची गोळी सुमारे ४२३ फूट वेग दाखवील आणि ०.२५ ग्रॅमची केवळ २९३. त्यामुळे हलकी गोळी घालून मोजले की तीच बंदूक कागदावर अधिक जोरकस दिसते. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते, हेही पालकांना कोणीतरी सांगायला हवे.

एअर गनच्या बाबतीत तर कायद्याचाही प्रश्न येतो. शस्त्र नियम, २०१६ मध्ये ज्यापुढे परवाना लागतो ती मर्यादा वेगावर नसून नळीच्या तोंडाशी २० ज्यूल ऊर्जा आणि ०.१७७ इंच, म्हणजे ४.५ मिलिमीटर व्यास अशी आहे. खोक्यावरचे १००० फूट ०.३५ ग्रॅमच्या हलक्या छऱ्याचे असतील तर ऊर्जा १६ ज्यूलच्या आसपास राहते. अर्ध्या ग्रॅमच्या शिशाच्या छऱ्याचे असतील तर ती २३ ज्यूलच्या पुढे जाते. ग्राहकाने हे ओळखायचे कसे?

अधिक वेग म्हणजे अधिक अचूकता, हा समजही चुकीचा आहे. ध्वनीच्या वेगाजवळ, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४० मीटरच्या आसपास, छरा डगमगू लागतो. अभिनव बिंद्रा यांनी २००८ मध्ये बीजिंगला ज्या १० मीटर एअर रायफल प्रकारात सुवर्णपदक मिळवले, त्यात छऱ्याचा वेग साधारण १७० मीटर, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या निम्माच असतो. सैन्याचे नेमबाजी केंद्र असलेले महू ज्या शहराच्या इतके जवळ आहे, तिथे तरी ही माहिती घरोघरी असायला हवी.

विक्रेत्यांनी प्रत्येक बंदुकीसोबत चाचणीच्या छऱ्याचे वजन आणि ज्यूलमधील ऊर्जा लिहून द्यावी, शक्य असेल तिथे क्रोनोग्राफवर, म्हणजे छऱ्याचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर, वेग मोजून दाखवावा आणि डोळ्यांचा संरक्षक चष्मा दिल्याशिवाय बंदूक विकू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. एका ज्यूलची गोळीसुद्धा डोळा कायमचा निकामी करू शकते.

आपला नम्र,
भौतिकशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक, इंदूर