ऐकणारा एक, ठरवणारा दुसरा
संपादक महोदय,
प्रशासकीय सुनावणीत बाजू ऐकतो एक अधिकारी आणि आदेशावर सही मात्र कधी कधी भलत्याचीच असते. मध्ये बदली झाली, हे ठरलेले उत्तर! आंध्रातील बसमार्गांच्या प्रकरणात सचिवांनी ऐकले आणि मुख्यमंत्र्यांनी निर्णय दिला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्येच अशी विभागलेली सुनावणी नैसर्गिक न्यायाच्या, म्हणजे निःपक्षपणे बाजू ऐकून मगच निर्णय देण्याच्या तत्त्वाच्या, विरुद्ध ठरवली होती. तरीही रोजनाम्यात, म्हणजे सुनावणीच्या नोंदीत, 'बाजू ऐकली' एवढी ओळ पुरेशी मानली जाते. अर्जदाराच्या विरोधात वापरायची कागदपत्रे आधी दाखवणे तर दूरच. अधिकारी बदलला की नव्याने पुन्हा ऐकावे आणि आदेशात मुद्देनिहाय कारणे लिहावीत. त्यासाठी एखादी तारीख वाढली तरी अर्जदाराची हरकत नसेल; तारखांची त्याला सवय आहेच.
– एक वाचक