जयनगरच्या मावशींना

मावशी, रामराम.

सीतेचं माहेर पाहायची मायची फार दिवसांची इच्छा, म्हणून तिला घेऊन दारव्ह्याकडून पार बिहारात आलो होतो. निघताना टूरवाल्यानं छातीठोक सांगितलं होतं, "आधार कार्ड असलं की झालं." जयनगरच्या खिडकीवर कळलं, नेपाळातल्या जनकपूरच्या गाडीला आधार चालतं ते पासष्टच्या वरच्यांना. माझ्यासारख्याला पासपोर्ट पाहिजे, नाहीतर मतदानाचं कार्ड. ते घरी पेटीत. टूरवाल्याला फोन लावला तर साहेब मीटिंगमध्ये! कसली मीटिंग, लेकाचा पैसे मोजत बसला असेल.

म्हणजे सत्तरी ओलांडलेली माय जाऊ शकत होती, मी नाही. तुम्ही रांगेत मागंच होत्या. "मेरी बेटी वहीं ब्याही है. अम्मा को मैं ले जाऊँगी, कल ले आऊँगी." ओळख ना पाळख, माय कशी हवाली करायची? माझ्या तोंडावर ते दिसलंच असेल. पण तुम्ही शपथा घेतल्या नाहीत. पदराची गाठ सुटेना तर दातानं सोडली आणि घराची किल्ली माझ्या हातावर ठेवली. स्टेशनामागंच घर आहे, डाळ-तांदूळ फडताळात आहेत, रात्री तिथंच झोपा, म्हणालात. तोवर तुम्ही माझं नावही विचारलं नव्हतं.

आमच्याकडं सख्खे भाऊ शेताच्या वीतभर धुऱ्यासाठी कोर्टात जातात, मावशी.

माय परत आली ती ओटी भरूनच. नौलखा मंदिर पाहिलं, पण तुमच्या जावयानं शंभराच्या नोटेचे एकशे साठ नेपाळी रुपये करून दिले आणि तिकडचं घड्याळ पाव तास पुढं चालतं, याचंच तिला जास्त कौतुक. तुम्ही तिला गाडीत सांगितलंत ना, की ही लाइनही आधी छोटीच होती, २०१४ साली बंद पडली आणि २०२२ मध्ये ब्रॉडगेज होऊन सुरू झाली? तेव्हापासून आमच्या दारव्ह्याच्या बंद पडलेल्या छोट्या गाडीवरून, शकुंतलेवरून, माझ्या मागं लागली आहे, "मंग आपल्या शकुंतलेनं कोनाचं घोडं मारलं?" काय सांगू तिला!

कापूस निघाला की इकडं या, लेक-जावयाला घेऊन. मूर्तिजापूरला उतरा, मी घ्यायला येतो. शकुंतलेच्या भरवशावर राहू नका.